तापलेल्या अंगानं फ्रिज उघडू नये

रुफिनो लारानं बानी गावातल्या अर्ध्याअधिक पुरुषांची दाढी केली असेल, पण कोंबडीची दाढी करायची पाळी त्याच्यावर पहिल्यांदाच आली. शनिवारची दुपार होती. कोंबडी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाय वर करून पडली होती आणि तिच्या पंखांखाली, मांडीच्या सांध्यात बारीक काळी खुंटं राहिली होती. बाजारातली बाई पिसं साफ काढून देते असं सगळं गाव सांगतं. ती काढत नाही. अशा वेळी त्याची बायको कासिल्दा कोंबडी गॅसवर धरून खुंटं जाळायची एवढं त्याला आठवत होतं, पण किती वेळ धरायची ते आठवत नव्हतं. म्हणून त्यानं दुकानातून वस्तरा आणला, चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा ओढला आणि कामाला लागला. इतकं गप्प गिऱ्हाईक त्याला चाळीस वर्षांत मिळालं नव्हतं.

एरवी या प्रकाराला तो स्वतःच हसला असता आणि सोमवारी दुकानात मीठमसाला लावून सांगितला असता. आज त्याला हसू येत नव्हतं. उद्या मे महिन्यातला शेवटचा रविवार, म्हणजे आईचा दिवस. उद्या दुपारी त्याची लेक योकास्ता राजधानीहून येणार होती, आणि उद्याच्या जेवणावर रुफिनोचं सगळं घर टांगलेलं होतं.

योकास्तानं फोनवर आडपडदा ठेवला नव्हता. "बाबा, तुम्हाला हे झेपत नाहीये. आई चार महिने भिंतीकडे तोंड करून बसलीय. मी रविवारी येतेय. ती टेबलावर येऊन आपल्याबरोबर जेवली, तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही आली, तर तिला माझ्याकडे घेऊन जाणार." रुफिनोनं बरं म्हटलं होतं. लेक वाईट नव्हती. पण तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि कासिल्दा एकदा त्या तिसऱ्या मजल्यावर गेली की परत यायची नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. परत यायला माणसाला रस्त्यावरून यावं लागतं, आणि ती तर दिवसा खोलीच्या पडद्याबाहेरसुद्धा येत नव्हती. दिवसभराचा स्वयंपाक ती पहाटे उरकायची, गल्ली जागी होण्याआधी. भात, घेवडा, संपलं. ओव्हन तिनं जानेवारीपासून पेटवला नव्हता.

जानेवारीत काय झालं ते सगळ्या गल्लीला पाठ होतं. एकवीस तारखेला आल्ताग्रासिया माउलीचा सण. कासिल्दानं नेहमीप्रमाणे दोन कोंबड्या भाजल्या, ओव्हन तीन तास चालू होता. रुफिनो बाहेर ओसरीवर डॉमिनो खेळत बसला होता आणि त्यानं आतल्या दिशेनं हाक मारली, "म्हातारे, एक गार बीअर दे गं." बीअर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कासिल्दा आरशापुढे उभी राहिली आणि तिच्या तोंडाची डावी बाजू खाली घसरलेली होती. डोळा मिटेना, ओठ हलेना, चूळ भरली की पाणी कोपऱ्यातून खाली. शेजारच्या मेनेनानं आदल्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी तिला पाहिलं होतं, मागे ओव्हन धगधगतोय आणि ही बाई फ्रिजचं दार सताड उघडून उभी आहे. मग काय, गल्लीला पुरावा मिळाला. तापलेल्या अंगाला गारवा लागला की पास्मो होतो, तोंड वाकडं होतं, हे इथं शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

आणि कासिल्दाला तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. चौदाव्या वर्षापासून ती इस्त्रीचं काम करत आलेली. वकिलांचे शर्ट, नवरीचे झगे, पाद्रीबाबांचे पांढरे अंगरखे, सगळं तिच्या हातून गेलेलं. इस्त्री ठेवल्यावर ती हातांना कपडा गुंडाळून अर्धा तास बसून राहायची, पाण्याला हात लावायची नाही, वाऱ्यात जायची नाही, आणि फ्रिजच्या तर वाटेलाही नाही. गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या पोरींना तिनं हे दरडावून शिकवलं होतं. अशी बाई आपण होऊन कशाला फ्रिज उघडेल? नवऱ्यानं बीअर मागितली म्हणून उघडला. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं सांगून पाहिलं, की ही चेहऱ्याची नस आहे, ती सुजते, तिचा फ्रिजशी काही संबंध नाही, सहा महिन्यांत बहुतेकांचं बरं होतं. गल्लीनं डॉक्टरचं वय पाहिलं आणि त्याचं म्हणणं सोडून दिलं.

रुफिनोनंही सोडून दिलं. दोष अंगावर घ्यायला त्याला डॉक्टरच्या परवानगीची गरज नव्हती. दुकानात गिऱ्हाइकं टोमणे मारायची. त्यानं पाणी मागितलं की कुणीतरी विचारायचं, "गार देऊ की कोमट, रुफिनो? विचारलेलं बरं." एकानं तर म्हटलं होतं की एवढी महाग बीअर देशात कुणी प्यायली नसेल. रुफिनो हसायचा. रात्री अंथरुणावर पडलं की ती बीअर त्याच्या हातात यायची. ओली बाटली, गळ्याला चिकटलेला बर्फाचा चुरा, पँटला पुसलेला हात. घोट किती छान लागला होता तेही आठवायचं, आणि त्याचीच त्याला जास्त शरम वाटायची.

निजण्याआधी तो कासिल्दाच्या डाव्या पापणीवर कागदी चिकटपट्टी लावायचा, म्हणजे डोळा उघडा राहून कोरडा पडू नये. चेहरा हाताळायची त्याची बोटं. एवढीच एक गोष्ट ती त्याला करू देत होती, तीही दिवा मालवून. गेल्या आठवड्यात त्याच्या बोटांना वाटलं होतं की पापणी रेषभर जास्त मिटतेय. पण तो बोलला नाही. खोटं निघालं तर काय, या भीतीनं त्यानं चांगली बातमीही गिळून टाकली.

कोंबडीची दाढी झाली. अंगणातल्या झाडाची नारिंगं कापून त्यानं ती आतून बाहेरून चोळून धुतली. मग खलबत्ता घेतला. चाळीस वर्षांत त्यानं या स्वयंपाकघरात पाणी गरम करण्यापलीकडे काही केलं नव्हतं, पण त्याचं दुकान म्हणजे याच घराची पुढची खोली, मध्ये एक फळ्यांची भिंत. त्यामुळे बायकोचा स्वयंपाक त्याला डोळ्यांनी नाही तरी कानांनी येत होता. आधी मिठाचा करकर आवाज, मग लसूण ठेचण्याचे सावकाश ठोके, मग बत्ता गोल फिरवल्याचा घसघस आवाज, तो ओरेगानोचा. त्याच क्रमानं त्यानं सगळं केलं. मुद्दाम जोरात ठोकलं. पडद्याआडून ती ऐकत असणार आणि कधीतरी ओरडेल, अरे मूर्खा, असं नाही, तसं. तेवढं ओरडली असती तरी त्याला सण साजरा झाल्यासारखं वाटलं असतं. आतून काही आलं नाही. त्यानं कोंबडीच्या कातडीखाली बोटं घालून ती सोडवली, वाटण आत सरकवलं आणि रात्रभर मुरायला ठेवून दिली.

खरी काळजी कोंबडीची नव्हतीच. काळजी होती वासाकाकाची. लसूण, पार्सली, नारिंगाचा रस, तेल आणि गरम पाणी, असा तो पातळ आंबट सॉस भाजलेल्या कोंबडीवर आणि उकडलेल्या युकाच्या कंदावर ओतायचा असतो. गेल्या रविवारी रुफिनोनं तालीम म्हणून एक तंगडी भाजली होती आणि वासाकाका घालून ताटली आत नेऊन दिली होती. कासिल्दानं पहिला घास घेतला. सॉस तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून निघाला, हनुवटीवरून ओघळला आणि झग्यावर पडला. तिनं डागाकडे पाहिलं, ताटली खाटेखाली सरकवली आणि तोंड फिरवलं. त्या दिवसापासून रुफिनोच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. ती माणसांपुढे येत नाही ती या ओघळण्यामुळे. ओघळ थांबवला तर ती येईल.

त्यानं मेनेनाला विचारलं. मेनेनाला न विचारताही ती सांगते, विचारल्यावर तर बघायलाच नको. "त्यात काय एवढं. दोन चमचे कॉर्नफ्लॉवर घाल, ढवळत उकळ, निवू दे आणि फ्रिजमध्ये ठेव. असा घट्ट होईल की चाकूनं कापून वाढ." रविवारी सकाळी त्यानं तसंच केलं. वाडगं फ्रिजमध्ये सरकवलं, हात धुतले, ओव्हन पेटवला, आणि मग कोंबडी आत घातली.

त्यानंतरचे दोन तास त्याला फार जड गेले. कोंबडी जळतेय असं वाटून तो दर थोड्या वेळानं ओव्हन उघडायचा, मग कच्ची राहील असं वाटून घाईनं बंद करायचा. मेची उन्हं पत्र्यावर तापत होती, वाऱ्याचा पत्ता नव्हता, आणि ओव्हनचं दार उघडलं की धग थेट तोंडावर यायची. सदरा पाठीला चिकटला होता. मेनेना भाताचं पातेलं घेऊन आली आणि ओसरीवर बसून हातपंख्यानं वारा घेऊ लागली. मागोमाग कोम्पाद्रे ग्रेगो आला. योकास्ताच्या बाप्तिस्म्याला तोच धर्मपिता होता, तेव्हापासून घरचाच. त्यानं आत डोकावून विचारलं, "येतेय का ती?"

"माहीत नाही," रुफिनो म्हणाला.

"कोंबडीचं विचारतोय मी," ग्रेगो म्हणाला. पण तो कोंबडीचं विचारत नव्हता, आणि दोघांनाही ते कळत होतं.

बाराला योकास्ता आली. रुफिनोनं ती दिसण्याआधी तिची सूटकेस ऐकली. चाकं सिमेंटवरून खडखडत येत होती, आणि तो आवाज रिकाम्या सूटकेसचा होता. भरलेली सूटकेस अशी वाजत नाही. त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. लेकीनं त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, घामाला हसली, सूटकेस भिंतीशी उभी केली आणि सरळ पडद्याआड गेली. आत बराच वेळ तिचाच आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"ती म्हणते, तुम्ही जेवून घ्या." योकास्ता हळूच म्हणाली. "बाबा, मी तिचे कपडे भरायला घेऊ का? अंधार पडायच्या आत निघालेलं बरं."

"आधी जेवण," रुफिनो म्हणाला. "कोंबडी अजून यायचीय. वासाकाका यायचाय. जेवणाआधी कुणी कुणाचे कपडे भरत नाही." त्याचा आवाज नको तितका चढला. योकास्तानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

एक वाजता कोंबडी बाहेर आली. खरं सांगायचं तर दिसायला झकास झाली होती, कातडी तांबूस, मांडीत सुरी खुपसली तर स्वच्छ रस आला. मेनेना, ग्रेगो आणि योकास्ता स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसली. चौथी खुर्ची रुफिनोची. पाचवी खुर्ची मांडलेली, रिकामी. युका उकडून पातेल्यात तयार होती. रुफिनो कपाळावरून, मानेवरून, कोपरांवरून घामानं निथळत होता. डोळ्यांत घाम जाऊन त्याला नीट दिसतही नव्हतं. आता फक्त वासाकाका. घट्ट वासाकाका टेबलावर ठेवायचा आणि पडद्यापाशी जाऊन सांगायचं, म्हातारे, ये, आज काही ओघळणार नाही. हे वाक्य त्यानं सकाळपासून शंभरदा मनात म्हणून पाहिलं होतं. तो वळला आणि त्यानं फ्रिजच्या मुठीला हात घातला.

तो विसरला होता की विसरला नव्हता, हे त्याला पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही. डोकं ठिकाणावर नव्हतं हे खरं. पण मूठ हाताला लागली तेव्हा कुठंतरी आत त्याला असंही वाटलं, की होऊ दे. माझंही होऊ दे.

"हात काढ."

आवाज त्याच्या कानापाशी आला. फ्रिजच्या दारावर एक पंजा आपटला आणि अर्ध्या बोटाएवढं उघडलेलं दार धाडकन बंद झालं. कासिल्दा. घरातल्या झग्यात, अनवाणी, डोक्याला ओढणी नाही, चेहऱ्यावर आडोसा नाही. अंगणाच्या दारातून येणारं ऊन सरळ तिच्या डाव्या गालावर पडलं होतं आणि ती धापा टाकत होती.

"अंग बघ स्वतःचं. भट्टीतून काढल्यासारखा तापलायस आणि फ्रिजला हात लावतोस? एका घरात दोन वाकडी तोंडं हवीयत का तुला?"

मेनेनाचा पंखा हवेत थांबला. कासिल्दानं रुफिनोला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं, त्याच्याच खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची मान पुसली आणि बजावलं की हाक मारेपर्यंत उठायचं नाही, गार काही प्यायचं नाही. तो बसला. चार महिन्यांत ती त्याच्याशी इतके शब्द एका दमात बोलली नव्हती. तिची अंधाऱ्या खोलीतून आलेली बोटं थंड होती. मग ती स्वतः फ्रिजकडे गेली, वाडगं काढलं आणि तिरकं केलं. आतलं जागचं हललं नाही. तिनं वाडगं जवळजवळ उलटं केलं. तरीही नाही.

"हे काय आहे?"

"वासाकाका," रुफिनो म्हणाला.

"ही खळ आहे. चाळीस वर्षं वकिलांच्या कॉलरींना हीच लावलीय मी. कोंबडीला इस्त्री करायचीय का तुला?"

ग्रेगो फस्सकन हसला आणि मग घाबरून त्यानं तोंडावर हात ठेवला. मेनेनानं छताकडे पाहिलं, जणू कॉर्नफ्लॉवर हा शब्द तिनं जन्मात ऐकला नव्हता.

"ओघळू नये म्हणून केला," रुफिनो म्हणाला. "गेल्या रविवारी ओघळला, तू ताटली सरकवलीस. म्हटलं, घट्ट असला तर तू येशील. बाकीच्यांबरोबर बसशील."

कासिल्दा वाडग्याकडे बघत राहिली. तिच्या चांगल्या बाजूचा ओठ एकदा थरथरला. मग तिनं ते सगळं चमच्यानं खरवडून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि लेकीला सांगितलं, "योकास्ता, चार नारिंगं आण. पिवळी बघून आण, हिरवी नको." ती खलबत्त्याशी उभी राहिली. मिठाची करकर, लसणाचे ठोके. रुफिनोनं डोळे मिटले, कारण हे त्याला डोळे मिटून जास्त ओळखीचं होतं.

गप्प बसणं मेनेनाच्या रक्तात नव्हतं. तिनं पंखा पुन्हा सुरू केला आणि म्हणाली, "बघ गं कासिल्दा, आज तू याला वेळेवर अडवलंस. त्या दिवशी यानं ती बीअर मागितली नसती, तर..."

ठोके थांबले.

"बीअर फ्रिजमध्ये नव्हतीच," कासिल्दा म्हणाली.

तिनं हे बत्त्याकडे बघत सांगितलं. सणाच्या दिवशी सगळ्या बाटल्या ओसरीवर बर्फाच्या टबात होत्या, रुफिनोच्या खुर्चीच्या मागे. हात मागे करायचा कंटाळा म्हणून त्यानं हाक मारली. ती बाहेर गेली, हाताला कपडा गुंडाळून टबातून एक काढली, त्याच्या हातात दिली आणि पुन्हा आत आली. तीन तासांची धग होती. झगा अंगाला चिकटला होता. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. "मी फ्रिज उघडला. काही घ्यायला नाही. नुसता उघडला आणि तोंड आत घातलं. डोळे मिटून उभी राहिले, एक अख्खी प्रार्थना म्हणून होईल इतका वेळ. तेवढ्यात तू आलीस, मेनेना. तू काय समजलीस ते तू ठरवलंस. मी फक्त नाही म्हटलं नाही."

रुफिनोच्या हातात ती बाटली पुन्हा आली. ओली, निथळणारी, गळ्याला बर्फाचा चुरा. फ्रिजमधल्या बाटलीला बर्फाचा चुरा कुठून लागणार? चार महिने रोज रात्री ती बाटली त्याला हेच सांगत होती आणि त्याला ऐकू आलं नव्हतं. आधी त्याला इतकं हलकं वाटलं की रडू येईल असं वाटलं. पाठोपाठ राग आला, खरा, पोटातून.

"चार महिने," तो म्हणाला. "लोक मला काय काय बोलले ते..."

"माहीत आहे. भिंत फळ्यांची आहे, रुफिनो. मला दुकानातला शब्द न् शब्द ऐकू येतो."

"आणि तू गप्प बसलीस."

"बसले." तिनं आता त्याच्याकडे पाहिलं, पूर्ण चेहऱ्यानं. "या गल्लीतल्या पोरींना मी शिकवलंय. कोणत्या तोंडानं सांगणार होते, की मी स्वतःच, मजा वाटली म्हणून? तुझ्यावर गेलं तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग लाज वाटायला लागली. आणि ती लाज घेऊन मला त्या पडद्याबाहेर येता येईना. तुम्हाला वाटलं तोंडापायी बसलीय. तोंडापायीही होतंच. पण तेवढं नव्हतं."

योकास्ता दोन्ही हातांत नारिंगं धरून दारात उभी होती. रुफिनोला पुष्कळ काही बोलायचं होतं, काही वाईटही होतं. त्यानं बायकोकडे पाहिलं. उन्हात तिची डावी पापणी मिटत होती आणि उघडत होती, पुरती नाही, पण त्याच्या बोटांना वाटलं होतं त्याहून जास्त.

"कोंबडी गार होतेय," तो म्हणाला.

कासिल्दानं नारिंगं पिळली, युकाच्या पातेल्यातलं गरम पाणी घातलं, तेल सोडलं, पार्सली चिरून टाकली. वासाकाका पाण्यासारखा पातळ झाला. पाचव्या खुर्चीवर ती बसली तेव्हा खुर्ची तिनं उजेडाकडे वळवून घेतली नाही आणि उजेडापासूनही नाही. जशी होती तशीच. सगळ्यांनी हातानं खायला घेतलं. पहिल्याच घासाला सॉस तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून निघून हनुवटीवर आला. रुफिनोचा हात टॉवेलकडे आपोआप गेला, चाळीस वर्षांची सवय.

"राहू दे," ती म्हणाली. "मागाहून सगळ्यांची एकदम पूस."

त्यानं पाहिलं तर खरंच होतं. ग्रेगोच्या कोपरावरून सॉस निथळत होता, मेनेनाच्या बोटांतून टेबलावर ठिपके पडत होते, योकास्ता मनगट चाटत होती आणि त्याच्या स्वतःच्या हनुवटीवरून एक थेंब छातीवर पडला. कासिल्दा सावकाश चावत होती. बऱ्याच वेळानं तिनं निकाल दिला. "मांडी छान झालीय. छाती कोरडी पडली. ओव्हन सारखा उघडत होतास. अकरा वेळा. मी मोजलं."

योकास्तानं आपला शब्द पाळला. कपड्यांचं तिनं नाव काढलं नाही. चारच्या सुमाराला तिनं अंगणातले आंबे उतरवले आणि त्या रिकाम्या सूटकेसमध्ये भरले, इतके, की झाकण बंद करायला ग्रेगोला वर बसावं लागलं. निघताना ती आईला बराच वेळ बिलगून राहिली आणि कानात काहीतरी म्हणाली. रुफिनोनं विचारलं नाही. गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत तो रस्त्यावर उभा राहिला. लेक अजूनही मागे फिरेल असं त्याला वाटत होतं. गाडी वळली, आवाज विरला, मग कुठं त्याचे खांदे खाली आले.

तो आत आला तेव्हा कासिल्दा भांडी विसळत होती. मेनेना एव्हाना घरी पोहोचली असणार आणि खरी हकीकत गल्लीच्या त्या टोकाला गेली असणार. उद्या दुकानात टोमणे बदलतील. रुफिनोचा राग पुरता गेला नव्हता, तो काही दिवस राहील असं त्याला वाटलं, आणि राहायचा त्याला हक्क होता. त्यानं टॉवेल घेतला आणि एकेक ताटली पुसायला लागला. चारपाच ताटल्या पुसून झाल्यावर त्यानं विचारलं,

"इतकं बरं वाटलं होतं का गं? तोंड आत घातल्यावर?"

कासिल्दानं नळ बंद केला.

"फार," ती म्हणाली.